मुलीसाठी एअर पिस्तूल ऑनलाइन मागवावं की दुकानात जाऊन घ्यावं?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तुम्ही ऐरोलीत राहता, तुमच्या १३ वर्षांच्या मुलीला सुट्टीतल्या शिबिरात नेमबाजीची गोडी लागली आहे, आणि तिच्यासाठी एअर पिस्तूल ऑनलाइन स्वस्तात दिसतंय, तर ते मागवावं का, हा एक. दुसरा तुम्ही जाता जाता विचारलाय: तुमच्या मेहुण्यांना मोबाइलवर कुणीतरी ‘लायसन्ससकट रिव्हॉल्व्हर घरपोच’ असा निरोप पाठवलाय, त्यात काही तथ्य असेल का. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, स्वतः १० मीटर एअर पिस्तूल हा नेमबाजीचा प्रकार खेळते आणि रेंजवर नव्या मुलांना सुरुवातीची मदत करते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण तिथे उशीर झाला तर मेहुणे अडचणीत येतील.

तथ्य अजिबात नाही. त्यांना म्हणावं, एक रुपयाही पाठवू नका. आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ चे शस्त्र नियम आहेत, आणि त्यांत क्रम पक्का आहे: आधी परवाना, मग हत्यार. तुम्ही नवी मुंबईत राहता म्हणजे अर्ज नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाकडे. ठाणे, कल्याण-डोंबिवली, भिवंडीकरांना ठाणे आयुक्तालय. जिथे आयुक्तालय नाही तिथे जिल्हाधिकारी. हत्यार कशासाठी हवं याचं कारण द्यावं लागतं, वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, हत्यार सुरक्षित हाताळण्याचं प्रशिक्षण घेतल्याचा दाखला लागतो, स्थानिक पोलीस ठाण्याकडून चौकशी होते. परवाना मिळाला की राष्ट्रीय नोंदणीत तुमचा वेगळा क्रमांक पडतो. मग मूळ परवाना हातात घेऊन परवानाधारक विक्रेत्याकडे जायचं. तो हत्यारावर कोरलेला क्रमांक तुमच्या परवान्यावर आणि स्वतःच्या रजिस्टरमध्ये चढवतो. काडतुसंही त्याच परवान्यावर, त्यावर लिहिलेल्या मर्यादेत. माहिती आणि किंमत इंटरनेटवर जरूर बघावी, पण परवाना दुकानदार देत नाही, त्यामुळे ‘लायसन्ससकट’ हा शब्द दिसला की तिथेच थांबावं.

अशा निरोपांमागे बहुतेक वेळा निव्वळ फसवणूक असते. आधी टोकन मागतात, मग वाहतूक खर्च, मग ‘परमिट’, आणि माणूस कुरकुर करायला लागला की तोच नंबर पोलीस असल्याची बतावणी करून धमकावतो. पैसे गेलेच असतील तर लाजून गप्प बसू नये, १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करावा. पण याहून वाईट म्हणजे हत्यार खरंच आलं तर. विनापरवाना साधं पिस्तूल किंवा गावठी कट्टा बाळगला तरी २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान २ वर्षं आणि जास्तीत जास्त ५ वर्षांची शिक्षा आहे. पार्सल उघडणारा माणूस ‘मला काय माहीत’ म्हणून सुटत नाही.

अमेरिकन व्हिडिओ बघून अनेकांना वाटतं की तिकडे तरी बंदूक कुरियरने घरी येत असेल. तिथेही परवानाधारक दुकानाकडून ऑनलाइन घेतलेली बंदूक ग्राहकाच्या गावातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे येते, आणि फॉर्म भरून, पार्श्वभूमीची तपासणी होऊनच हाती पडते. १९६३ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांची हत्या ज्या रायफलने झाली ती टपालाने मागवलेली होती. त्यानंतर १९६८ च्या कायद्याने तिथली टपालाची वाट बंद झाली. त्यामुळे तिथलं उदाहरण कुणी दिलं तरी मेहुण्यांनी भुलू नये.

आता मुलीचा विषय, ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसले.

कायद्याच्या बाजूने इथे काळजी नाही. ज्या एअर गनचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिमीपेक्षा मोठा नाही आणि ताकद २० ज्यूलच्या आत आहे, तिला आपल्याकडे परवाना लागत नाही. स्पर्धेतलं एअर पिस्तूल या मर्यादेच्या खूप खाली असतं. तरी दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो, ती द्यावी, आणि बिल तुमच्या नावावर घ्यावं, मुलीच्या नाही. हे बिल जपून ठेवा. ऐरोलीहून रेंजवर लोकलने जाताना बॅग तपासली गेली, तर बिल आणि क्लबचं ओळखपत्र दाखवलं की बोलणं पटकन संपतं. पिस्तूल कायम बंद पेटीत, रिकामं.

पण आत्ता लगेच काहीच घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. बहुतेक क्लबांकडे नव्या मुलांसाठी स्वतःची पिस्तुलं आणि रायफली असतात. पहिले काही महिने त्यांवरच होऊ द्या. १३ वर्षांच्या मुलीला एका हातात सुमारे किलोभर वजन धरून हात लांब ताणून उभं राहायचं असतं. खांदा, मनगट, पाय यांना सवय व्हायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात तिला पिस्तुलापेक्षा रायफल आवडते असंही निघू शकतं. असं होताना मी पुष्कळ पाहिलंय. शिवाय आपल्या भागात शिकायची सोय आहे. नेमबाज सुमा शिरूर यांचा क्लब पनवेलला आहे, आणि २०२२ मध्ये कैरोला १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झालेला रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचाच.

ती टिकली, प्रशिक्षकांनीही ‘आता घ्या’ म्हटलं, की मग खरेदी. आणि पहिलं पिस्तूल दुकानातून किंवा क्लबमार्फत, हातात धरून बघूनच घ्या. त्याचं कारण ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची मूठ. स्पर्धेच्या पिस्तुलाची ग्रिप लाकडाची, हाताला घट्ट बसणारी असते. ती वेगवेगळ्या मापांत येते, आणि उजव्या-डाव्या हाताची वेगळी असते. चप्पल जशी पाय घालून बघितल्याशिवाय घेत नाही, तशीच ही.

ती कशी बघायची ते सांगते. मुलीला दुकानात तिच्या नेहमीच्या पद्धतीने उभं करा, पिस्तूल रिकामं आहे याची खात्री दुकानदाराकडून तुमच्यासमोर करून घ्या. तिला भिंतीवरच्या एखाद्या खुणेकडे बघू द्या, मग डोळे मिटायला सांगा. डोळे मिटूनच हात वर न्यायचा, धरायचं, आणि मग उघडायचे. नळीवरची पुढची साइट (नेम धरायची खूण) मागच्या साइटच्या खाचेत आपोआप मधोमध दिसली तर ग्रिप बसते आहे. पुढची साइट दरवेळी डावीकडे किंवा उजवीकडे सरकलेली दिसत असेल, तर मुलगी मनगट वाकवून ती सरळ करत राहील आणि तीच सवय अंगात मुरेल. दोन-चार वेळा करून बघा. अंगठ्याच्या बुडाशी ग्रिप आणि तळवा यांमध्ये पोकळी राहते का, तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज येतं का, की बोट ताणावं लागतं, हेही बघा. थोडी मोठी ग्रिप कानस मारून आणि लाकडाची पुट्टी लावून बसवता येते, प्रशिक्षकांना ते जमतं. पण दोन मापं मोठी असेल तर नाही. हे फोटोवरून कळत नाही, ‘मीडियम’ असं लिहिलेलं वाचूनही कळत नाही, कारण प्रत्येक कंपनीचं मीडियम वेगळं.

त्याआधी घरी एक करा. दोन्ही तळहातांमध्ये छोटी फट ठेवून, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिला त्या फटीतून भिंतीवरचं घड्याळ बघू द्या. मग एकेक डोळा मिटायचा. जो उघडा असताना घड्याळ फटीतच राहतं, तो तिचा मुख्य डोळा. हात उजवा आणि मुख्य डोळा डावा, असं निघालं तर पिस्तूल घेण्याआधी प्रशिक्षकांशी बोला.

ऑनलाइन जे स्वस्त पिस्तूल तुम्ही बघितलंय, त्याचं वर्णन वाचून मला ते सीओटू वायूच्या छोट्या सिलिंडरवर चालणारं, स्टीलचे गोल छर्रे मारणारं आणि दिसायला खऱ्या पोलिसी पिस्तुलासारखं वाटतंय. ते स्पर्धेच्या कामाचं नाही. १० मीटरला ४.५ मिमीचे शिशाचे, सपाट डोक्याचे छर्रे लागतात. स्टीलचे गोळे लक्ष्यावर आपटून उलटे येतात, म्हणून रेंजवर चालत नाहीत. नियमही मोजून-मापून आहेत: ट्रिगरचं वजन किमान ५०० ग्रॅम, पिस्तूल दीड किलोपर्यंत, आणि ते ४२० बाय २०० बाय ५० मिमीच्या पेटीत मावलं पाहिजे. स्पर्धेआधी हे खरोखर तपासतात, ५०० ग्रॅमचं वजन ट्रिगरला अडकवून उचलतात. शिवाय खऱ्यासारखं दिसणारं पिस्तूल घेऊन तुमची मुलगी ऐरोली स्टेशनवर उभी आहे, ही कल्पनाच मला सहन होत नाही. कुणी घाबरून ओरडलं तर त्या गडबडीत ते खेळणं आहे की हत्यार, हे कोण बघत बसणार?

दुकानातही सगळं छान असतं असं नाही. ठाणे-नवी मुंबईत स्पर्धेचं सामान ठेवणारी दुकानं मोजकीच, बऱ्याच जणांना दक्षिण मुंबई गाठावी लागते. काही दुकानदारांकडे स्प्रिंगच्या, गावाकडे फिरायला नेतात तसल्या एअर रायफली जास्त, आणि जे शिल्लक आहे तेच ते पुढे करतात. तुम्ही नाव काढून जा: ‘१० मीटर मॅचसाठी, पीसीपी, लहान ग्रिप’. पीसीपी म्हणजे आधीच भरलेल्या दाबाच्या हवेवर चालणारं. स्प्रिंगच्या पिस्तुलाला धक्का बसतो, पीसीपीला जवळजवळ नाही, आणि सुरुवातीला मुलांना हा फरक फार मोठा पडतो. वाल्थर, फाइनवेर्कबाऊ, स्टायर, मोरिनी ही परदेशी नावं ऐकाल, त्यांच्या किमती लाखाच्या वर जातात. भारतीय कंपन्याही आता पीसीपी पिस्तुलं बनवतात, ती खूप कमी पैशांत येतात आणि जिल्हा पातळीवर सुरुवात करायला पुरतात. भारतीय पिस्तुलाचा मोठा फायदा दुरुस्तीचा. आतल्या रबरी ओ-रिंग झिजतात, हवा हळूहळू गळायला लागते, आणि स्पर्धेच्या आठवड्यात ती रिंग कोण बदलून देणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायचा असतो. ऑनलाइन विक्रेत्याकडे याचं उत्तर ‘परत पाठवा’ एवढंच असतं.

जुनं घ्यायचं ठरलं, आणि क्लबात मोठ्या मुलांची पिस्तुलं विकायला निघतात, तर सिलिंडरवरची तारीख वाचा. सिलिंडरमध्ये साधारण २०० बार दाबापर्यंत हवा भरतात, आणि परदेशी मॅच पिस्तुलांच्या सिलिंडरची मुदत साधारण १० वर्षं धरतात. पिस्तूल उत्तम असतं, पण सिलिंडर बाद. मग नव्या सिलिंडरचा खर्च किमतीतून वजा करून बोला. ऑनलाइन जाहिरातीत नेमका हाच फोटो नसतो, म्हणून तिथून जुनं घेऊच नका.

दुकानदाराला अजून एक विचारा: ड्राय फायर आहे का? म्हणजे छर्रा आणि हवा न वापरता ट्रिगरचा सराव. मॅच पिस्तुलात ती सोय असते, आणि घरी रोज कोऱ्या भिंतीसमोर तिने तेच करायचंय. घरात छर्रा घालून मुळीच नाही, बाल्कनीतून तर नाहीच. एवढासा छर्रा शंभर मीटरच्या पुढेही जातो आणि डोळा कायमचा जाऊ शकतो. चुलतभावंडं आली आणि कबुतरांवर किंवा खाडीतल्या पक्ष्यांवर मारून बघू म्हणाली, तर त्यांना तिथल्या तिथे थांबवा. तुमच्या ऐरोलीला लागूनच ठाणे खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायद्याखाली थेट गुन्हा दाखल होतो. वापर नसताना पिस्तूल आणि छर्रे वेगवेगळ्या कुलपात ठेवा, किल्ली तुमच्याकडे.

बाकी सामान मात्र ऑनलाइन खुशाल मागवा. कागदी टार्गेट, सपाट तळाचे बूट, डोळ्यावरचं झापड, पेटी, हे सगळं तिथे बरं मिळतं. छर्र्यांच्या बाबतीत थोडं जपून. ते पातळ पत्र्याच्या ५०० च्या डब्यात येतात, आणि कुरियरवाल्याने पार्सल आपटलं की छर्र्याची मागची घेरासारखी कड चेपते. असा छर्रा नळीत नीट बसत नाही आणि चांगल्या नेमाचाही शॉट दहाऐवजी नऊ गुणांच्या घरात जातो. डबा आला की मूठभर छर्रे पांढऱ्या कापडावर पसरून बोटाने फिरवून बघा. चेपलेले लगेच दिसतात, ते सरावाला ठेवा आणि स्पर्धेचा डबा दुकानातून आणा.

तिचा मुख्य डोळा कोणता निघाला ते खाली लिहा, आणि तळहाताची लांबी मनगटाच्या रेषेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मोजून कळवा. मग कोणत्या मापापासून बघायला सुरुवात करावी ते सांगता येईल.