निघण्याआधी विचारा

उत्तर भारत, लडाख आणि ईशान्येकडच्या प्रवासाबद्दल वाचकांनी विचारलेले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

नागपूरहून केरळ एक्स्प्रेसने दिल्लीला जायचं होतं. प्रवासाच्या आदल्या दिवशी सकाळी बरोबर दहाला तत्काळ उघडायला बसलो, तर आधीच वेटिंग लागलेलं. हे कसं? शिवाय मागे सहा जणांचं एकच तिकीट काढलं, तेव्हा आई-वडील सत्तरीचे असूनही त्यांना वरचे बर्थ मिळाले. (वाचक, नागपूर)

तुम्ही एक दिवस उशिरा बसलात. तत्काळची तारीख गाडी जिथून सुटते तिथल्या दिवसावरून धरतात, तुम्ही चढता त्या दिवसावरून नाही. केरळ एक्स्प्रेस तिरुवनंतपुरमहून निघते आणि नागपूरला दुसऱ्या दिवशी येते. तुमचा प्रवास १० तारखेचा असेल तर गाडी ९ ला सुटलेली असते, म्हणून तत्काळ ८ लाच उघडतं. एसीसाठी सकाळी १० वाजता, स्लीपरसाठी ११ वाजता. साध्या आरक्षणालाही हाच हिशेब. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं, आणि ते ६० दिवसही मूळ स्थानकापासूनच मोजायचे. जुलै २०२५ पासून तत्काळला आधारशी जोडलेलं खातं लागतं. ही जोडणी आठवडाभर आधीच उरकून ठेवा. दहा वाजता ओटीपीची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, हेही ध्यानात असू द्या.

वेटिंगचा नंबर बघण्याआधी त्याचा प्रकार बघा. जीएनडब्ल्यूएल म्हणजे सर्वसाधारण यादी, ती बरीच पुढे सरकते. नागपूरसारख्या मधल्या स्थानकावरून बहुधा आरएलडब्ल्यूएल (मधल्या मोठ्या स्थानकांची यादी) किंवा पीक्यूडब्ल्यूएल (अनेक लहान स्थानकांची सामाईक यादी) मिळतं. त्यांचा कोटाच छोटा, त्यामुळे तिथला १५ नंबर जीएनडब्ल्यूएलच्या ४० पेक्षा अवघड ठरू शकतो. अशा वेळी मागच्या एखाद्या मोठ्या स्थानकापासून जागा आहे का ते पाहा. असेल तर तिकीट तिथून काढा आणि बोर्डिंग पॉइंट नागपूर ठेवा. भाडं थोडं जास्त पडतं, पण हे पूर्ण नियमात बसतं. बोर्डिंग न बदलता नुसतंच नागपूरला चढायला गेलात, तर तोवर टीसीने तुमची जागा दुसऱ्याला दिलेली असू शकते.

आता खालचा बर्थ. साठीपुढचे पुरुष आणि ४५ पुढच्या स्त्रिया यांच्यासाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण तो एकट्याने किंवा दोघांनीच प्रवास करणाऱ्यांना. तुम्ही सहा जणांचं एकच तिकीट काढलंत, तिथेच तो हक्क गेला. आई-वडिलांचं तिकीट वेगळं काढा आणि कोट्याच्या रकान्यात ज्येष्ठ नागरिक किंवा लोअर बर्थ निवडा. डबा वेगळा येण्याची शक्यता राहते. गुडघे दुखत असतील तर तेवढं सोसायला हरकत नाही. भाड्यातली ज्येष्ठांची सवलत मात्र मार्च २०२० पासून बंदच आहे.

जूनमध्ये विमानाने लेहला जातोय, पाच दिवस. एजंटने दुसऱ्या दिवशी पँगाँग सरोवराकाठी मुक्काम ठेवलाय. सोबत ६४ वर्षांची सासू. चालेल ना? (वाचक, डोंबिवली)

नाही चालणार. सासूबाईंनाच काय, तिशीतल्या धडधाकट माणसालाही नाही. लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे. समुद्रकाठच्या तुलनेत तिथे प्रत्येक श्वासात जेमतेम दोनतृतीयांश प्राणवायू मिळतो. मुंबई-दिल्लीहून विमानाने गेल्यावर शरीराला हे काही तासांत पचवावं लागतं. पँगाँग ४,२०० मीटरच्याही वर, आणि त्रास होतो तो मुख्यतः उंचावर झोपल्यावर.

पाच दिवसच असतील तर असं करा. पहिला दिवस खोलीत: पाणी, सूप, हलकं जेवण, मद्य नको, धावपळ नको, जिने सावकाश. दुसरा दिवस लेहच्या बाजारातच. तिसऱ्या दिवशी सिंधूच्या कडेने आल्चीकडे जा, ते लेहपेक्षा खाली आहे. चौथ्या दिवशी तब्येत पाहून नुब्रा खोरं. तिथली दिस्कित-हुंदर ही गावं लेहपेक्षा खाली असल्याने रात्र सुखाची जाते. वाटेतल्या खारदुंगला खिंडीत मात्र फोटोसाठी पंधरा-वीस मिनिटांच्या वर रेंगाळू नका. पाचव्या दिवशी लेहला परत. पँगाँग हवंच असेल तर सुट्टी दोन-तीन दिवस वाढवा, आणि सासूबाईंना तिथे मुक्कामाला ठेवू नका.

अ‍ॅसेटाझोलामाइड (डायमॉक्स) १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, निघायच्या आदल्या दिवसापासून, हे नेहमीचं प्रमाण. पण सल्फाची अ‍ॅलर्जी, मूत्रपिंडाचा विकार किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. कापराची पुरचुंडी प्रत्येक मराठी ग्रुपच्या खिशात असते. ती हुंगून तरतरी येते. रक्तातला प्राणवायू तिने वाढत नाही.

नुसतं डोकं दुखत असेल तर विश्रांती घ्या आणि त्या दिवशी वर चढू नका. चालताना झोक जायला लागला, बोलणं असंबद्ध झालं किंवा बसल्या जागी धाप लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. प्राणवायू लावून लगेच खाली किंवा लेहच्या सोनम नोरबू रुग्णालयात न्यायचं.

परतीचं विमान आणि दिल्लीहून पुढची गाडी एकाच दिवशी ठेवू नका. हवा बिघडली की लेहची उड्डाणं रद्द होतात.

डिसेंबरात गुवाहाटीहून तवांग करायचंय. अमेरिकेतला भाचाही येतोय, त्याच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळतं ते) आहे. परवाना कसा काढायचा? (वाचक, सातारा)

तुमच्यासाठी इनर लाइन परमिट, भाच्यासाठी वेगळं. अरुणाचल, नागालँड, मिझोराम आणि जानेवारी २०२० पासून मणिपूर या चार राज्यांत भारतीय नागरिकांनाही हे परमिट लागतं. आसाम, मेघालय, त्रिपुराला लागत नाही. अरुणाचलचं ऑनलाइन मिळतं, प्रत्येकाच्या नावाचं वेगळं. दोन-दोन छापील प्रती ठेवा, कारण भालुकपाँगच्या नाक्यावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही. चीन सीमेवरच्या बूमला खिंडीची परवानगी वेगळी, ती तवांगला पोचल्यावर काढायची. ते काम हॉटेलवाले किंवा गाडीवाले करून देतात.

ओसीआयवाल्याला बऱ्याच बाबतींत भारतीयासारखी वागणूक मिळते, इथे नाही. त्याला प्रोटेक्टेड एरिया परमिट हवं. ते नोंदणीकृत पर्यटन संस्थेमार्फत, निघण्याच्या काही आठवडे आधी काढा. नाक्यावर ऐनवेळी काही होत नाही.

गुवाहाटी ते तवांग एका दिवसात उरकायचा बेत करू नका. अंतर चारशे किलोमीटरहून जास्त आहे, रस्ता घाटाचा, आणि डिसेंबरात तिकडे साडेचारच्या सुमारास अंधार पडतो. पुण्याच्या सवयीने नऊला नाश्ता करून निघालात तर निम्मा घाट काळोखात येईल. पहाटे सहाला गाडी हलवा आणि दिरांगला मुक्काम करा. मार्च २०२४ मध्ये सेला बोगदा सुरू झाल्यापासून बर्फात खिंडीत अडकण्याचा धोका कमी झालाय, पण बोगद्याच्या अलीकडे-पलीकडे रस्त्यावर बर्फ गोठतोच.

श्रीनगरला मोबाइल चालेल का? (वाचक, लातूर)

पोस्टपेड चालेल. बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये बंद पडतं. घरातलं निदान एक सिम निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या आणि बँकेचे ओटीपी त्याच नंबरावर येतील असं बघा. शिवाय दोन दिवस पुरेल इतकी रोकड जवळ ठेवा.

आग्र्याला गुरुवार-शुक्रवार मिळतोय. ओसीआय भावाला परदेशी दराने तिकीट लागेल का? (वाचक, मडगाव)

ताजमहाल गुरुवारीच बघून घ्या, शुक्रवारी तो बंद असतो. भावाला भारतीयांचाच दर लागू आहे: ५० रुपये, आणि मुख्य कबरीच्या चौथऱ्यावर जायचं असल्यास आणखी २००. त्यासाठी मूळ ओसीआय कार्ड जवळ हवं. शुक्रवारी आग्र्याचा किल्ला आणि फतेहपूर सिक्री करा.