'हॉथॉर्न' बिल्ल्याची जुनी अमेरिकन सायकल नेमकी कोणत्या कारखान्याची, हे कसे ओळखावे?

हॉथॉर्न हे मॉन्टगोमेरी वॉर्ड या अमेरिकन दुकानसाखळीने आपल्या सायकलींना दिलेले नाव, कारखान्याचे नव्हे. श्विन, स्नायडर, क्लीव्हलँड वेल्डिंग अशा निरनिराळ्या कारखान्यांनी वॉर्डसाठी सायकली बनवल्या. म्हणून बिल्ल्यावरून (हँडलखाली पुढच्या नळीवर लावलेल्या नावाच्या पट्टीवरून) निष्कर्ष काढू नका, शिवाय तो बदललेलाही असू शकतो. बिल्ल्याच्या भोकांची दिशा (उभी की आडवी) आणि त्यांतले अंतर मात्र पुढे ताडून पाहण्यासाठी नोंदवून ठेवा.

आधी सायकल उलटी करून पेडलचा आस ज्या नळीतून जातो तिचा तळ रॉकेल आणि मऊ फडक्याने पुसा. सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक तिथेच सापडण्याची शक्यता जास्त. तारेचा ब्रश किंवा पॉलिशपेपर अजिबात नको, उथळ ठसा कायमचा जातो. अक्षरे पुसट असतील तर खडूची पूड चोळा आणि बाजूने उजेड टाकून फोटो घ्या.

मग पुढच्या दातेरी चक्राची नक्षी, मागच्या फोर्कची टोके आणि नळ्यांचे सांधे खात्रीच्या सायकलींशी ताडून पाहा. कारखाना खरा इथेच कळतो. श्विनच्या 1948 पूर्वीच्या क्रमांकांच्या नोंदी आगीत गेल्या, तेव्हा त्या काळासाठी सुटे भागच बोलतात. मागच्या चाकाचा हब (मधला भाग) मॉरो छापाचा असेल तर त्यावरचे अक्षर वर्ष सांगते, आकडा तिमाही. पण चाक नंतर बदललेले असू शकते, एवढ्या एका पुराव्यावर थांबू नका.