भरलेल्या गाड्या, रिकामं खातं

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मालवाहतुकीच्या धंद्यातल्या ओळखीच्या कंपन्या एकामागोमाग बंद पडताहेत, त्यातल्या एकीच्या गाड्या तर शेवटच्या आठवड्यापर्यंत भरून धावत होत्या, मग ती बुडाली कशी, असं तू विचारलंस. प्रश्न नेमका आहे. मंदी आली की सगळे विचारतात, माल मिळेल का? माल मिळूनही माणूस कसा बुडतो, हे फार थोडे विचारतात. त्याचंच उत्तर लिहितो. धीर द्यायला तुझ्या घरचे समर्थ आहेत.

मालवाहतुकीत पैसा आधी जातो आणि मागून येतो. डिझेलचे पैसे पंपावर रोख नाहीतर कार्डावर, टोल नाक्यावर, ड्रायव्हरचा भत्ता गाडी सुटायच्या आधी. पगार महिनाअखेरीस, हप्ता ठरल्या तारखेला, विमा वर्षाचा एकरकमी. आणि भाडं? गाडीतला माल उतरला, चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, पार्टीचा (गिऱ्हाइकाचा) सही-शिक्का पडला, ती पोच ऑफिसात आली, मग बिल गेलं. तिथल्या कारकुनाला शिक्का पुसट वाटला किंवा नगांच्या आकड्यावर खाडाखोड दिसली की बिल परत. पुन्हा पोच मागवा, पुन्हा बिल लावा. पैसे द्यायची साठ दिवसांची मुदत बहुतेक वेळा बिल स्वीकारल्या दिवसापासून मोजतात, माल उतरल्या दिवसापासून नाही. युरोपीय संघाने २०११ मध्ये निर्देश काढला की कंपन्यांनी एकमेकांची देणी ६० दिवसांच्या आत चुकवावीत. पण दोघांनी करारात स्पष्ट मान्य केलं, आणि ते अगदीच अन्यायाचं नसलं, तर जास्त मुदतही चालते. आता सांग, पाच गाड्यांचा मालक मोठ्या पार्टीसमोर बसून मान्य नाही म्हणेल का?

यातली खरी मेख पुढे आहे. काम दुप्पट झालं तर डिझेलचा खर्च आजच दुप्पट होतो आणि भाडं दोन-अडीच महिन्यांनी. मधला खड्डा तुझ्या खिशातून भरायचा. वहीत नफा दिसतो, कारण बिल लावलं की ते उत्पन्न म्हणून चढतं, पण बँकेत पैसे नसतात. म्हणून भरलेल्या गाड्या बघून कुणाची तब्येत ठरवू नकोस. एकच कागद बघ: कुणाकडे किती येणं आहे आणि ते किती जुनं आहे. नव्वद दिवसांच्या पुढच्या रकान्यात आकडे साचायला लागले की समज, ती पार्टी तुझ्या पैशावर तिचा धंदा चालवते आहे.

कंपन्या मंदीत मरताना दिसतात, पण बहुतेकांचं मरण तेजीत ठरलेलं असतं. २०२१ आठव. कोविडनंतर मागणी उसळली, भाडी चढली आणि अमेरिकेत नव्या वाहतूकदारांची रीघ लागली. नव्या गाड्या वेळेवर मिळेनात म्हणून जुन्या गाड्या अव्वाच्या सव्वा भावाने उचलल्या गेल्या. २०२२ मध्ये भाडी घसरू लागली, आणि त्याच वर्षी रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर डिझेल भडकलं. जूनमध्ये अमेरिकेतल्या डिझेलने तोवरचा उच्चांक गाठला. भाडं खाली, डिझेल वर, आणि हप्ता मात्र तेजीच्या भावाने घेतलेल्या गाडीचा. अशा वेळी गाडी विकून मोकळं व्हावं म्हटलं तर सगळेच विकायला निघालेले असतात, त्यामुळे गाडीची किंमत कर्जाच्या बाकीपेक्षाही खाली जाते. विकली तरी पदरचे पैसे घालावे लागतात.

मोठे यातून सुटतात असंही समजू नकोस. येलो ही १९२४ पासूनची अमेरिकन मालवाहतूक कंपनी. २००३ मध्ये रोडवे आणि २००५ मध्ये यूएसएफ अशा दोन बड्या कंपन्या तिने विकत घेतल्या आणि ते कर्ज पुढे तिच्या मानेवरून उतरलंच नाही. २०२० मध्ये सरकारने ७० कोटी डॉलरचं कर्ज दिलं, तेही पुरलं नाही. कामगार संघटनेशी वाद पेटला, ग्राहकांनी माल दुसरीकडे वळवला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज झाला. सुमारे ३० हजार माणसं घरी बसली. मागाहून तिची टर्मिनलं, म्हणजे माल चढवायचे-उतरवायचे तळ, लिलावात निघाली तर त्यांना अब्जावधी डॉलरच्या घरात बोली लागली. म्हणजे मालमत्ता होती, पण हातात रोकड नव्हती. जमीन विकून डिझेल भरता येत नाही, निदान त्या आठवड्यात तरी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉन्व्हॉय ही अमेरिकन कंपनी बंद झाली. तिच्याकडे स्वतःच्या गाड्याही नव्हत्या, अ‍ॅपवरून माल आणि गाडी जुळवणं एवढंच काम. आदल्या वर्षी तिचं मोल ३८० कोटी डॉलर ठरवलं गेलं होतं. तंत्रज्ञान असलं की मंदी चाटून जाते, असं तुला कुणी सांगत असेल तर हे त्याच्यासमोर ठेव.

आता भाड्याबद्दल. तुझ्या गाडीचा किलोमीटरमागे खर्च किती, हे तुला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. डिझेल आणि ड्रायव्हर हे दोन मोठे, ते सगळे धरतात. टायर, ऑइल, विमा, परवाना, हप्ता, गाडीचा घसारा (वापराने तिची उतरणारी किंमत) आणि उभी राहिलेल्या दिवसांचा खर्च हे विसरतात. शिवाय किलोमीटर भरलेले मोजतात, रिकामे नाही. युरोपातसुद्धा मालाच्या ट्रकांच्या एकूण धावेपैकी साधारण पाचवा हिस्सा रिकामा असतो. तो खर्च भरलेल्या किलोमीटरवरच चढवायला हवा.

बाजार पडला की कुणीतरी फक्त डिझेल आणि भत्ता सुटेल एवढ्या भाड्यात माल उचलतो. तो वेडा नसतो. गाडी परत आणायचीच आहे, तर परतीला मिळेल ते भाडं घेणं हा शहाणपणा आहे, तूही घे. पण त्याच दराने जायच्या फेरीचा वर्षाचा करार केलास तर तू स्वतःची गाडी थोडी थोडी करून पार्टीला फुकट देते आहेस. टायर झिजतात, इंजिन उतरतं, आणि बदलायची वेळ येते तेव्हा गल्ल्यात काही नसतं. मंदीतली बरीच घसरण अशा लोकांमुळेच होते जे स्वतःचा खर्च न मोजता दर पाडतात. ते बुडतात, पण बुडायच्या आधी बाजाराचा दर खराब करून जातात. त्यांच्याशी बरोबरी करू नकोस. गाडी उभी ठेवणं परवडतं की चालवणं, याचा हिशेब दर आठवड्याला कर. कधी कधी उभी गाडी स्वस्त पडते.

करारात डिझेलची अट घाल: आजचा दर पाया धरायचा, आणि तो इतका वाढला तर भाडं इतक्या टक्क्यांनी वाढेल, उतरला तर उतरेल. उतरायचंही लिहायचं, नाहीतर कुणी सही करत नाही. एका पार्टीवर अर्धा धंदा टेकवू नकोस. ती बुडाली तर तू विनातारण घेणेकऱ्यांच्या रांगेत, बँकांसारख्या तारणवाल्यांच्या मागे. अमेरिकेत तर दिवाळखोरीच्या अर्जाआधीच्या ९० दिवसांत तुला मिळालेले पैसेही न्यायालयामार्फत परत मागता येतात. जुनी थकबाकी आत्ता वसूल झाली म्हणून खूश व्हावं, तर तीच परत द्यायची नोटीस. बिलं सवलतीत विकून लगेच पैसे घेण्याची सोय आहे, ती अधूनमधून वापर. पण दर महिन्याचं डिझेल त्याच पैशावर निघायला लागलं तर तुझा नफा त्या फायनान्सवाल्याचा झाला.

आणि ड्रायव्हर. डिसेंबर २००९ मध्ये अमेरिकेतल्या टल्सा इथली अ‍ॅरो ट्रकिंग नाताळच्या तोंडावर बंद पडली तेव्हा ड्रायव्हरांना ते इंधनाचं कार्ड पंपावर चालेना झालं तेव्हा कळलं. घरापासून शेकडो मैलांवर, गाडी पंपावर अडकलेली, खिशात परतीचे पैसे नाहीत. धंदा बंद पडणं मी समजू शकतो, माणसाला असं वाऱ्यावर सोडणं नाही. म्हणून आजच वेगळं खातं उघड आणि सगळे ड्रायव्हर गाड्यांसकट घरी परत येतील एवढं डिझेल आणि एक पगार त्यात टाक. त्याला हप्त्यासाठीही हात लावायचा नाही. ते खातं मोडायची पाळी आली की नवा माल घ्यायचं थांबव, रस्त्यावरचा माल पोचव, गाड्या आण आणि बँकेत स्वतः जाऊन बस. बँक तुझ्याकडे येईपर्यंत वाट पाहिलीस तर अटी त्यांच्या असतात.

गाडी कमी करायची असेल तर पहिली गाडी तेव्हा विक जेव्हा तुला विकावीशी वाटत नाही, म्हणजे अजून भाडं बरं आहे आणि जुन्या गाडीला गिऱ्हाईक आहे. तुझ्या ताफ्यातली कोणती, हे मला इथून सांगता येणार नाही. दर गाडीचा मागच्या तिमाहीचा किलोमीटरमागचा खर्च आणि येणे रकमांची यादी, तीस, साठ, नव्वद अशा रकान्यांत मांडून, पाठव. अंदाजाने भरू नकोस, चलनं काढून भर. त्यावर बोलू.

तुझा,
काका