'मिसरिप्रेझेंट' म्हणजे खोटं बोलणं का? कुठे वापरतात?

अगदी तसं नाही. मिसरिप्रेझेंट करणं म्हणजे एखादी गोष्ट किंवा कुणाचं म्हणणं आहे त्यापेक्षा वेगळं भासवणं. यात एकही वाक्य धडधडीत खोटं नसू शकतं. पुण्यात फ्लॅट शोधताना 'मेट्रो स्टेशन पाच मिनिटांवर' अशी जाहिरात वाचतो. ती पाच मिनिटं गाडीने, रिकाम्या रस्त्यावरची, हे मात्र लिहिलेलं नसतं. हे मिसरिप्रेझेंट करणंच झालं.

क्रियापद सकर्मक आहे, त्यामुळे कर्म लागतंच: 'द ॲड मिसरिप्रेझेंट्स द लोकेशन'. वादात सर्वांत उपयोगी वाक्य म्हणजे 'यू आर मिसरिप्रेझेंटिंग माय व्ह्यूज', तुम्ही माझ्या म्हणण्याचा विपर्यास करताय. तोतयेगिरीसाठी 'ही मिसरिप्रेझेंटेड हिमसेल्फ ॲज अ डॉक्टर'. इथे 'ॲज' विसरू नका.

भाषांतर करताना सरसकट 'फसवणूक' लिहू नका, विशेषतः कायद्याच्या कागदात. भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये फसवणूक कलम १७ मध्ये आहे आणि मिसरिप्रेझेंटेशन कलम १८ मध्ये. पुरेशी माहिती नसताना, पण स्वतःला खरं वाटतंय म्हणून ठामपणे सांगितलेली चुकीची गोष्टही कलम १८ मध्ये येते. तिथे फसवण्याचा हेतू असावाच लागतो असं नाही.