छोट्या गाळ्यात वर्कशॉप हलवताना

प्रश्न : भोसरीतलं १,६०० चौरस फुटांचं भाड्याचं वर्कशॉप सोडून आम्ही ७५० चौरस फुटांच्या गाळ्यात जाणार आहोत. दोन लेथ (सळई फिरवून कापणारं मशीन), एक मिलिंग, एक ड्रिल आणि कॉम्प्रेसर एवढं मावेल का?

उत्तर : मशिनी मावतील. अडेल तो माल. पण ७५० हा आकडा कार्पेटचा (भिंतींच्या आतला) की बिल्टअपचा (भिंती धरून), ते आधी भिंतीपासून भिंतीपर्यंत टेप लावून पाहा. मग ग्राफ पेपरवर १ फुटाला १ सेंटिमीटर धरून गाळा काढा आणि प्रत्येक मशीनचा पुठ्ठा कापून त्यावर सरकवून बघा. पुठ्ठा बंद मशीनच्या मापाचा नको. मिलिंगचं टेबल दोन्ही टोकांना पूर्ण सरकल्यावर जेवढी जागा लागते, तेवढा घ्या. कारागिराला निदान ३ फूट हवेत आणि स्विचबोर्डासमोर १ मीटर मोकळा हवाच. लोक तिथेच खोकी रचतात.

लेथ भिंतीला समांतर न ठेवता थोडा तिरका लावला, तर हेडस्टॉकमधून (लेथच्या डाव्या, फिरत्या टोकातून) बार म्हणजे सळई घालता येते आणि चिप (कापलेल्या धातूचा कीस) शेजारच्याच्या अंगावर जात नाही. हेडस्टॉकच्या मागे वाट ठेवू नका. बाहेर आलेला लांब बार फिरताना वाकला की काठीसारखा फटका मारतो.

सळ्या २० फुटी येतात. त्या व्यापाऱ्याकडूनच अर्ध्या कापून घ्या आणि भिंतीवरच्या ब्रॅकेटवर ठेवा. गिऱ्हाइकांच्या डाय, पॅटर्न आणि फिक्स्चरची (साचे आणि पकडींची) यादी करून पडून असलेलं परत पाठवा. निम्मं कपाट तिथेच रिकामं होईल. वरच्या मजल्यावरचा गाळा असेल, तर स्लॅब किती भार पेलतो ते लेखी घ्या. सहा फुटी लेथच टन-दीड टनाचा असतो.

प्रश्न : हलवल्यापासून लेथ टेपर कापतोय, म्हणजे सळईचं एक टोक जाड, एक बारीक येतंय. हायड्रावाल्याने (क्रेनवाल्याने) आपटला असेल का?

उत्तर : बहुधा नाही. नव्या फरशीवर बेडला (लेथच्या खालच्या लांब सांगाड्याला) पीळ बसलाय. ०.०२ मिमी प्रति मीटरची लेव्हल (पाणसळ) बेडवर आडवी, एकदा हेडस्टॉकपाशी आणि एकदा टेलस्टॉकपाशी (उजव्या टोकाच्या आधारापाशी) ठेवा. बुडबुडा अगदी मधोमध यायलाच हवा असं नाही, दोन्हीकडे वाचन सारखं आलं पाहिजे. मग ४० मिमीचा बार चकमध्ये (बार पकडणाऱ्या जबड्यात) १५० मिमी बाहेर ठेवून, टेलस्टॉक न लावता, दोन्ही टोकांना बारीक कट घ्या आणि मायक्रोमीटरने मोजा. बाहेरचं टोक जाड भरलं, तर टेलस्टॉककडचा पुढचा पाय (कारागिराच्या बाजूचा) शिमने (पातळ पत्र्याने) किंचित उचला. बारीक भरलं, तर उतरवा. प्रत्येक बदलानंतर पुन्हा कट घ्या. ग्राउट (पायांखाली ओतलेलं सिमेंट) वाळण्याआधी पायांचे बोल्ट आवळले, तर सगळी मेहनत वाया जाते. आठवड्याने आणि महिन्याने लेव्हल परत तपासा.

मोटरची दिशा मात्र पहिल्याच दिवशी पाहायची असते, तीही चक काढून. आट्यांचा चक असेल आणि मोटर उलटी फिरली, तर तो सुटून येतो. कोणत्याही दोन फेजांची अदलाबदल केली की दिशा सरळ होते.

प्रश्न : जीएसटी आणि विजेचं आधी काय करावं?

उत्तर : मशीन उचलण्याआधी नवा गाळा जीएसटी नोंदणीत अतिरिक्त जागा म्हणून दाखल करा. मुख्य पत्ता बदलला की १५ दिवसांत दुरुस्तीचा अर्ज लागतो. मशिनी विकलेल्या नसल्या तरी गाडीबरोबर डिलिव्हरी चलन द्या. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाख रुपयांवरच्या मालाला ई-वे बिलही लागतं.

विजेच्या लोडसाठी मोटरींचे एचपी जोडून ०.७४६ ने गुणा. समजा सगळ्या मोटरी मिळून १५ एचपीच्या असल्या, तर ११.२ किलोवॅट होतात, वर दिवे-पंखे. जुनं मीटर कायमचं बंद करण्याचा अर्ज न देता गाळा सोडलात, तर बिल तुमच्याच नावावर येत राहील आणि अनामतही अडकेल.