यामाहाची टू-स्ट्रोक बॅन्शी क्वाड (चार चाकांची एटीव्ही) फक्त ड्रॅगसाठी, म्हणजे सरळ रेषेतल्या छोट्या शर्यतीसाठी वापरतो. पोर्टिंग (सिलिंडरमधले पोर्ट, म्हणजे वायूच्या वाटा, कोरून सुधारणं) केलेलं आहे. एक्झॉस्ट पाइप कोणते घ्यावेत?

जास्त आरपीएमला ताकद देणारे, कमी लांबीचे ड्रॅग पाइप घ्या; पण तुमच्या पोर्ट टायमिंगशी (पोर्ट कधी उघडतात आणि बंद होतात त्याच्याशी) जुळणारेच. टू-स्ट्रोकचा पाइप म्हणजे नुसती धूर काढायची नळी नव्हे. फुगीर भागापुढच्या निमुळत्या कोनावर आपटून परतणारी दाबाची लाट एक्झॉस्ट पोर्ट बंद होण्याआधी पोचली, तर निसटलेलं ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये परत ढकलते. पाइप आखूड असला की लाट लवकर परतते, म्हणून ताकद वरच्या आरपीएमला मिळते. नुसता सर्वाधिक हॉर्सपॉवरचा आकडा बघून भुलू नका (बहुतेक जण इथेच फसतात), ताकदीचा पट्टा (किती आरपीएमपासून कितीपर्यंत इंजिन जोरात ओढतं) किती रुंद आहे ते पाहा. समजा १०,००० आरपीएमला गिअर बदलला आणि दोन गिअरमधला फरक १.२५ पट असेल, तर इंजिन ८,००० वर येतं. तिथून पाइप ओढत नसेल तर शर्यत तिथेच गेली. एक अट: एक्झॉस्ट पोर्ट मूळ उंचीचाच ठेवून पोर्ट नुसते वरवर साफ केले असतील, तर ड्रॅग पाइप उलट मार खातील; मग मधल्या पट्ट्याचे बरे. कुठलेही बसवा, जेटिंग (कार्ब्युरेटरमधून किती पेट्रोल जावं याची जुळणी) मात्र नव्याने करा आणि सुरुवात मोठ्या मेन जेटने (पेट्रोल सोडणाऱ्या मुख्य छिद्राच्या तुकड्याने) करा. मिश्रण पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) राहिलं तर पिस्टन जाम होतो.