‘कमिशनवर आहेस, मग पगार कसला?’

कामगार कायद्याचा सल्ला देताना हे वाक्य मला दर आठवड्याला ऐकावं लागतं. म्हणून या वेळी त्याच विषयावरची पत्रं एकत्र घेतली आहेत.

मोबाइलच्या दुकानात सेल्समन आहे. सकाळी दहा ते रात्री नऊ काम, मिळतं फक्त कमिशन. किमान वेतन लागू होतं का? (सांगली)

होतं. जादा तासांचे पैसे वेगळे, दुप्पट दराने. हिशेब कामगार अधिकाऱ्यांकडून करून घ्या.

माझ्या कामाचा दर किती?

उद्योग, परिमंडळ (म्हणजे तुमचा भाग कोणत्या गटात येतो) आणि कौशल्य यांवर ठरतो. महाराष्ट्रात किमान वेतनातला विशेष भत्ता, म्हणजे महागाईनुसार बदलणारा भाग, 1 जानेवारी आणि 1 जुलैला बदलतो. फिरत आलेल्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, कामगार कार्यालयात चालू अधिसूचना पाहा.

मालक म्हणतात, ‘दिवाळीत चाळीस हजार कमावलेस, आता आषाढात चार हजार आले तर ओरडतोस कशाला? वर्षाची सरासरी धर.’ ते बरोबर आहेत का?

नाहीत. हे सरासरीचं गणित मी इतक्या दुकानांतून ऐकलंय की आता संताप येतो. वेतन संहिता, 2019 ही 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिच्यात वेतनाचा कालावधी एका महिन्यापेक्षा मोठा ठेवता येत नाही आणि महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यावा लागतो. म्हणजे आषाढाचा हिशेब आषाढातच. दिवाळीचं कमिशन तुमच्या दिवाळीतल्या कामाचं आहे, ते पावसाळ्यासाठी मालकाकडे ठेवलेली अनामत नव्हे.

दुसरी युक्ती याहून वाईट. मंदीच्या महिन्यात किमान वेतनाएवढी रक्कम द्यायची, वहीत ‘उचल’ लिहायचं, सही घ्यायची आणि पुढच्या कमिशनमधून कापायची. खरी उचल कापता येते. पण जे देणंच होतं, त्याला उचल म्हणणं हा बनाव आहे. ‘किमान वेतन मागणार नाही’ असं लिहून दिलं असलं, तरी तो करार कायद्याने रद्दबातल आहे.

आणखी एक गोष्ट मालक सांगत नाहीत. संहितेतल्या वेतनाच्या व्याख्येत कमिशन धरलेलं नाही. मात्र कमिशन, घरभाडं असे वगळलेले भाग एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले, तर निम्म्याच्या वरची रक्कम वेतनात येते. वीस हजार निव्वळ कमिशन असेल, तर सरळ वाचनाने दहाच हजार वेतन ठरतं, आणि किमान वेतनाशी तुलना त्या दहा हजारांचीच. यावर वाद होणार, म्हणून हा मुद्दा वकिलाला कागद दाखवूनच मांडा.

हा नुसता हिशेबाचा प्रश्न नाही. दिल्लीतल्या एशियाड क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्येच सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं ही संविधानाच्या कलम 23 खालची सक्तीची मजुरी आहे.

पुण्यात फ्लॅट विकणाऱ्या ऑफिसात टेलिकॉलर आहे. पत्रात ‘फ्रीलान्सर’ लिहिलंय. मग माझा हक्क गेला?

नुसत्या शब्दाने जात नाही. वेळ कोण ठरवतं, रजा कोणाकडे मागता, दुसऱ्याचं काम घेता येतं का, हे पाहिलं जातं. मागे एक मुलगी आली होती. हातात नेमणूकपत्र नव्हतं, पण रोज साडेनऊला ग्रुपवर टाकलेले ऑफिसच्या दारातले सेल्फी होते, साहेबांच्या ‘लेट का?’ या मेसेजसह. तिची हजेरी त्या फोनमध्येच होती. नोकरी सोडली की ग्रुपमधून काढतात, म्हणून आजच चॅट एक्स्पोर्ट करा. पैसे दिले हे सिद्ध करणं मालकाचं काम, पण तुम्ही तिथे नोकरीला होता हे आधी तुम्हाला दाखवावं लागतं. निर्णय कागदांवर होईल, तेव्हा ते घेऊन वकिलाला भेटा. फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट नाही.

विमा एजंट आहे. मला मिळेल?

नाही. एजन्सी म्हणजे नोकरी नव्हे.

नोकरी सोडून चौदा महिने झाले. मित्र म्हणतो, थकलेल्या किमान वेतनासाठी सहा महिन्यांत अर्ज केला नाही, आता विसर.

मित्राने जुना कायदा ऐकलाय. सहा महिन्यांची मुदत 1948 च्या किमान वेतन कायद्यात होती, तीही सबळ कारण दिल्यास माफ होऊ शकत असे. नव्या संहितेत मुदत तीन वर्षांची आहे. तुमच्या कोणत्या महिन्यांना कोणता कायदा लागतो, हे तारखा पाहूनच सांगता येईल. त्यामुळे बँकेचं पासबुक आणि कमिशनच्या नोंदी घेऊन याच आठवड्यात सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्या.